कवीचं लग्न, बायकोच्या लेखणीतून

१७८६ च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधल्या एअर गावी एका वकिलाने एका कागदावरची दोन नावं कापून काढली. एक नाव होतं रॉबर्ट बर्न्स, शेतकऱ्याचा मुलगा, वय २७. दुसरं जीन आर्मर, मॉखलिन गावच्या गवंड्याची मुलगी. ती गरोदर होती. त्या काळच्या स्कॉटिश कायद्यात दोघांनी आपण नवरा-बायको असल्याचं कबूल केलं की लग्न झालं, त्याला पाद्री लागत नसे. पुरावा म्हणून असा एखादा कागद पुरे. जीनच्या बापाला हा जावई नको होता, म्हणून त्याने कागदावरची नावंच नाहीशी करून घेतली. बिनलग्नाची गरोदर मुलगी परवडली, पण हा कवडा नको, असा त्याचा हिशेब.

पुढचा सारा मामला एखाद्या संगीत नाटकाला शोभावा असा आहे. गावच्या चर्चने दोघांना भर सभेत दोषी ठरवलं. बर्न्सने जमैकाला निघून जायचं ठरवलं आणि प्रवासखर्च निघावा म्हणून कवितांचं पुस्तक छापलं. ३१ जुलै १७८६ रोजी किल्मार्नॉक गावात त्याच्या ६१२ प्रती निघाल्या, हातोहात खपल्या आणि जमैका बारगळलं. सप्टेंबरात जीनला जुळं झालं. कवी एडिंबरोला गेला, तिथल्या दिवाणखान्यांत मिरवला. तिथे नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या अ‍ॅग्नेस मॅक्लेहोज नावाच्या बाईशी त्याची टोपणनावांनी पत्रापत्री रंगली, ती क्लॅरिंडा आणि हा सिल्व्हँडर. एवढं झाल्यावर १७८८ मध्ये तो परत आला आणि त्याच जीनशी संसार थाटला. तिला त्याच्यापासून नऊ मुलं झाली. १७९१ मध्ये अ‍ॅना पार्क नावाच्या दुसऱ्या बाईला बर्न्सपासून मुलगी झाली, तीही जीनने आपल्या घरात वाढवली. २१ जुलै १७९६ ला ३७ वर्षांचा बर्न्स वारला. चार दिवसांनी त्याची प्रेतयात्रा निघाली, त्याच दिवशी जीन पुन्हा बाळंत झाली.

हे सगळं आपल्याला कळतं ते बर्न्सच्या पत्रांतून, चर्चच्या दप्तरातून आणि चरित्रकारांच्या पिढ्यानपिढ्या चाललेल्या भांडणांतून. जीन पुढे जवळपास ३८ वर्षं डम्फ्रीझच्या त्याच घरात राहिली. भक्त यायचे, घर बघायचे, विचारायचे. ती सांगायची, दुसरे टिपून घ्यायचे. तिने स्वतः मात्र पुस्तक लिहिलं नाही. दुसऱ्या बाईचं मूल मांडीवर घेताना तिच्या मनात काय होतं, हे शेवटी कवीच्या चाहत्यांनीच ठरवून टाकलं. त्यांच्या मते ती थोर मनाची होती. असेलही.

मराठीत या बाबतीत नशीब जरा बरं आहे. इथे कवीच्या बायका लिहित्या झाल्या.

ही चाल सुधारकांच्या घरांतून आली. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ १९१० मध्ये आलं, त्याला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. नवरा न्यायाधीश, बायको लग्नात अक्षरशून्य, आणि तिला शिकवण्याचा चंग त्याने बांधलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत हा प्रयोग चालला होता. दिवाणखान्यात नवरा पाटी घेऊन बसला आहे आणि माजघरातून सासू-नणंदांचे टोमणे येत आहेत. नवऱ्यांचा उद्देश साधा होता. बायकोला वाचता यावं, चार माणसांत बोलता यावं. ती एक दिवस आपल्याबद्दलच लिहील हे त्यांच्या हिशेबात असण्याचं कारण नव्हतं. वाचणारी बाई हवी होती, साक्षीदार आयता मिळाला.

या साक्षीदारांत अव्वल नंबर लक्ष्मीबाई टिळकांचा. हे मत आजचं नाही. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला तेव्हापासून मराठी वाचक ते देत आला आहे.

त्यांचे पती नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांनी त्यांना घरोघर पोचवलं. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनू, जन्म १८६८. लग्नात ती अकरा-बारा वर्षांची, तो १८-१९ चा. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा कहर. त्यांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं होतं, त्या धसक्यातून हे सोवळ्याचं वेड सुरू झालं. बाजारातून आलेली प्रत्येक गोष्ट धुऊन घरात घ्यायची, त्यातून मीठ-साखरही सुटायची नाही. मीठ धुतल्यावर उरतं किती, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारायचा नाही. त्या प्रसंगाला कुणीही रडकथेचं रूप दिलं असतं. लक्ष्मीबाई मात्र तो सांगताना हसतात आणि वाचकालाही हसवतात. पुस्तकाचा सूर पहिल्या काही पानांतच लागतो.

त्या घरातून ही मुलगी गेली ती नेमकी उलट्या माणसाकडे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर भिकारी आला तर खिशात असेल ते त्याचं. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि राग आला की घर सोडून चालू लागायचं. किती दिवसांसाठी, कुठे, ते सांगायची पद्धत नव्हती. नोकऱ्या धरल्या तशा सोडल्या, गावं बदलली. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ‘ऋषी’ मासिक काढलं, मग राजनांदगावची वाट धरली. या फिरस्तीत बायकोला शिकवण्याचा कार्यक्रम झटके आल्यासारखा चालायचा. लहर लागली की धडे, तोल गेला की पुस्तक भिरकावलेलं. पुढे मराठी गद्याचा मानदंड ठरलेली बाई अशी धरसोडीतून लिहायला शिकली.

याच प्रवासांत, १८९३ च्या सुमारास, आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना बायबल दिलं. ते वाचत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आज मुंबईत दहिसर-बोरिवलीच्या शिवेवर राहणाऱ्या माणसाला या घटनेचं वजन सहज कळायचं नाही. तिथे मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात त्यांचंच प्रार्थनास्थळ केलं, वर मठ बांधला. १७३९ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली तेव्हा कातळात पुन्हा महादेव आला. आज खाली पूजा आणि वर मठाचे भग्न अवशेष, पलीकडे आय. सी. कॉलनी, आणि ईस्ट इंडियन कुटुंबांत पिढीजात मराठी बोली. ख्रिस्ती शेजारी म्हणजे नाताळला कुलकुल पाठवणारी माणसं. पण १८९५ च्या नाशकात चित्पावन घरातला कर्ता पुरुष ख्रिस्ती होणं म्हणजे घरावर वीज पडणं. बायकोचं तर काहीच्या काहीच झालं. नवरा जिवंत, म्हणजे ती विधवा नाही. पण तो जातीला मेलेला, मग ती सवाष्ण तरी कशी? कुंकू लावायचं की नाही इथपासून प्रश्न. वय २७ च्या आसपास, पदरी लहान मुलगा.

चार-पाच वर्षं ताटातूट झाली. माहेरच्या माणसांच्या आधाराने ती राहिली. दुःखाने वेडीपिशी झाली, जीव देण्याचे विचार आले, आणि या काळात कवीच्या बायकोने स्वतःच पद्य रचायला सुरुवात केली. टिळक पत्रं लिहीत होते, कविता लिहीत होते. ‘माझी भार्या’ ही त्यांची कविता प्रसिद्ध आहे. पण विरहाच्या काळातला खरा तपशील हवा असेल तर तो लक्ष्मीबाईंच्या गद्यात मिळतो. कवी विरहाची भावना सांगतो. भाकरी कोणाच्या चुलीवर भाजली, पाणी कोणी भरलं, कोण बोलेनासं झालं, हे बायको सांगते.

मग ती त्याच्याकडे गेली, पण आपला धर्म घेऊन. एका छपराखाली दोन चुली. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली ब्राह्मण, तिचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी हे चालू दिलं, हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवं. तापट माणूस, पण इथे त्याने जबरदस्ती केली नाही. बाईंचा बदल आतून, हळूहळू झाला. त्याची सुरुवात झाली जातीपासून. देवाने बाई आणि पुरुष घडवले, जाती माणसांनी केल्या, हे मनाला पटलं आणि सोवळं गळून पडलं. येशूचा विचार त्यानंतरचा. १९०० साली राहुरीला त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्याची मुलगी कोणाच्याही हातचं खाऊ लागली. पुढे अहमदनगरच्या घरात दुष्काळातली अनाथ पोरं वाढली. बालकवी ठोमरे या घरात राहिले, आणि नवऱ्याइतकाच लहरी हा दुसरा कवीही लक्ष्मीबाईंनी सांभाळला.

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूचं ओवीबद्ध चरित्र त्यांनी हाती घेतलं होतं, पण दहा-अकरा अध्यायांपुढे ते गेलं नव्हतं. बाकीचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. नवऱ्याचं अर्धवट काम पुरं करणं ही पतिव्रतेची जुनी चाल, पण इथे हिशेब बघा. कवीने सुरुवात केली, आणि पुस्तक लिहिलं बायकोने.

‘स्मृतिचित्रे’चा उगमही असाच आडवाटेचा. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहिण्याच्या विचारात होता. त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आईने दिल्या त्या अशा, की चरित्र बाजूला राहिलं आणि आठवणीच साहित्यात शिरल्या. टिळकांवरचं त्यांचं प्रेम पानोपानी दिसतं, म्हणूनच त्यांचे दोष सांगायला त्या कचरत नाहीत. असं लिहायला धाक सुटलेला असावा लागतो. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या.

टिळकांचं लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं, प्रेम त्यात मागाहून आलं. पुढच्या पिढीच्या कवींनी हा क्रम उलटा करायचं मनावर घेतलं आणि त्यातले काही पस्तावले.

माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, जन्म १८९४, बडोद्याचे. फारसीचे एम.ए., फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवत. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ निघालं, त्यात ते, यशवंत, गिरीश आणि श्रीधर व मनोरमा रानडे हे कवी-दांपत्य. रविवारी चहाला बसायचं आणि कविता वाचायच्या. प्रेम हा या मंडळींचा आवडता विषय, आणि पुण्याच्या पेठांना तोपर्यंत तो कागदावर चालत होता. पण माधवरावांचं एका विद्यार्थिनीशी जुळलेलं प्रेम बाहेर आलं तेव्हा बोभाटा झाला. प्राध्यापक आणि विद्यार्थिनी, त्यात जात-भाषा वेगळी. वर्तमानपत्रं, चौकशा, संस्थेतली कुजबुज, आणि शेवटी नोकरी सुटली. बर्न्सला मॉखलिनच्या चर्चने जे ऐकवलं, ते इथे शिक्षणसंस्थेने ऐकवलं एवढाच फरक. उलट बर्न्सची सुटका स्वस्तात झाली म्हणायची. चर्चची खरडपट्टी ऐकून घेतली आणि सुटला. माधवरावांची भाकरी गेली.

ते लग्न झालं नाही. १९२६ मध्ये ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य आलं, आणि वाचकांनी त्यात कवीचीच गोष्ट शोधली. पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज मिळालं, १९२८ मध्ये लीलाबाईंशी लग्न झालं. कवीच्या प्रेमाची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथे थांबतात. नायिका गेली, पडदा पडला. पण माधवरावांचं सगळ्यात मोठं काम या लग्नानंतरचं आहे. ‘गज्जलाञ्जलि’ १९३३ चं. ‘छन्दोरचना’ची वाढवलेली आवृत्ती १९३७ ची, आणि तिच्यावर मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. दिली, मराठीतली पहिली. फारसी शब्दांची आतषबाजी करणारा हा कवी नंतर भाषाशुद्धीचा इतका कट्टर पुरस्कर्ता झाला की स्वतःच्या जुन्या कवितांतले फारसी शब्द उपटून टाकू लागला. २९ नोव्हेंबर १९३९ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी ते गेले.

लीलाबाईंनी पुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘आमची अकरा वर्षे’. १९२८ ते १९३९, बरोबर अकरा. ज्याच्या पहिल्या प्रेमाची चर्चा साऱ्या महाराष्ट्राने केली, त्या माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईची ही बाजू. किती अवघड जागा होती ती! नवऱ्याच्या कविता लोकप्रिय, आणि त्यातली ‘ती’ आपण नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. लीलाबाई हे लपवत नाहीत आणि उगाळतही नाहीत. मराठीतल्या प्रांजळ आठवणींत या पुस्तकाचं नाव घेतलं जातं ते यामुळेच. माधव जूलियन वाचायचे तर ‘विरहतरंग’च्या शेजारी हे पुस्तक ठेवलं पाहिजे. एकावाचून दुसरं लंगडं आहे.

सुखाची गोष्ट मराठीत नाहीच असं कोणाला वाटेल, म्हणून ‘कुसुमानिल’ हा पत्रसंग्रह. आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे कवी अनिल, मूर्तिजापूरचे, जन्म १९०१. कुसुम जयवंत अमरावतीची, जन्म १९०४. दोघं शिकायला पुण्यात, तिथे ओळख वाढली. तो देशस्थ ब्राह्मण, ती कायस्थ प्रभू, म्हणजे दोन्ही घरांत नाराजी. तोपर्यंत १९२३ साली नागपूरचे वकील हरिसिंह गौर यांच्या खटपटीने विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती झाली होती, आणि वेगळ्या जातीच्या हिंदूंना आपला धर्म नाकारल्याचं लिहून न देता नोंदणी करून लग्न करता येऊ लागलं होतं. कायद्याने वाट दिली तरी घरच्यांनी द्यायला वेळ लागायचाच. अनिल-कुसुम यांनी सात-आठ वर्षं वाट पाहिली. त्यातला काही काळ ती लंडनला इंग्रजी साहित्य शिकत होती. १९२९ मध्ये लग्न झालं.

थांबण्याच्या या काळात दोघांनी पत्रं लिहिली, आणि जपली. बर्न्स आणि क्लॅरिंडाची पत्रंही छापलेली आहेत, पण ती खोट्या नावांची, नाटकी, एकमेकांवर छाप पाडण्यासाठी लिहिलेली वाटतात. कुसुम-अनिलच्या पत्रांत अभ्यास आहे, परीक्षा आहेत, पुस्तकं आहेत, रुसवे आहेत, घरच्यांना कसं सांगायचं याची काळजी आहे. कुसुमावती १७ नोव्हेंबर १९६१ ला गेल्या. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, त्या पदावरची पहिली बाई. अनिल १९५८ मध्ये मालवणला अध्यक्ष झाले होते. नवरा-बायको दोघांनीही ते पद भूषवल्याचं हे उदाहरण आहे. ‘कुसुमानिल’ या नावाने पत्रं छापली गेली १९७२ मध्ये. तेव्हा कवी सत्तरीत होता आणि पत्रांतली मुलगी जाऊन अकरा वर्षं झाली होती. खासगी पत्रं छापावीत का, यावर तेव्हा भुवया उंचावल्या. आता ती नसती छापली तर काय गमावलं असतं हे कळतं. या पुस्तकात कवीइतकाच तिचा आवाज आहे, आणि काही ठिकाणी तो जास्त शहाणा आहे.

यानंतर ही परंपरा पेठांतून आणि बंगल्यांतून बाहेर पडली. कृष्णाबाई सुर्वे यांचं ‘मास्तरांची सावली’ गिरणगावातल्या कवीच्या संसाराचं आहे. नारायण सुर्वे यांना अर्भक असताना गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून आणलं. ते महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग मास्तर झाले. त्या संसारात दोन चुलींचा प्रश्न नव्हता, एक पेटेल का हा होता. १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. शाहीर अमर शेखांची मुलगी, कवी नामदेव ढसाळांची पत्नी आणि स्वतः कवयित्री. तिथे लक्ष्मीबाईंचं हसू नाही, राग आहे. कवी मोठा असला म्हणून घरातलं त्याचं वागणं मोठं होत नाही, हे इतक्या थेट शब्दांत तोवर मराठीत कोणी म्हटलं नव्हतं. पुस्तकावर वादळ उठलं. ते स्वाभाविकच होतं.

एक गोष्ट या साऱ्या पुस्तकांत समान आहे. त्यातल्या एकीनेही कवीचं मोठेपण नाकारलेलं नाही. त्यांनी फक्त त्या मोठेपणाचा खर्च लिहून ठेवला, आणि तो कोणी भरला तेही.

आता थोडं आजचं. दहिसर, बोरिवली, कांदिवलीत जुन्या चाळी आणि सोसायट्या पाडून पुनर्विकास चालू आहे. घर रिकामं करायची तारीख येते, माळे खाली होतात, आणि ट्रंकेतली कागदपत्रं किलोवर रद्दीत जातात. त्यात आजीची वही असते, लग्नाआधीची आंतरदेशीय पत्रं असतात, एखाद्या हौशी कवी आजोबांच्या कवितांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आजीने लिहिलेला वाण्याचा हिशेब असतो. आजोबांच्या कविता कोणीतरी ठेवून घेतं. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आजीची बाजूही वाचून पाहा, आणि ठेवण्यासारखी वाटली तर जवळच्या ग्रंथालयाला किंवा एखाद्या मराठी संशोधन संस्थेला विचारून ती त्यांच्या स्वाधीन करा.